मराठी वाङ्मयातील आजारी मूल

करुणरस हा आपल्या वाङ्मयाचा फार जुना आणि फार आवडता रस आहे. विदर्भातील पद्मपुराशी ज्याच्या कुळाचे नाते सांगतात त्या भवभूतीने तर त्यालाच सर्व रसांचे मूळ मानले. ह्या रसाला जी अनेक निमित्ते लेखकांनी शोधून काढली आहेत त्यांत आजारी मुलाइतके हमखास निमित्त दुसरे क्वचितच सापडेल. अंथरुणाला खिळलेले लेकरू, उशाशी जागणारी आई, ओसरीवर येरझारा घालणारा बाप आणि नाडी पाहून काही न बोलता उठणारा वैद्य, हे चित्र आपल्या कथांत, नाटकांत आणि पुढे चित्रपटांत इतक्या वेळा येऊन गेले आहे की, वाचकाच्या डोळ्यांत पाणी आणण्यास लेखकाला आता फारसे श्रम पडत नाहीत. जेथे लेखकाला श्रम पडत नाहीत तेथे टीकाकाराने थोडे थांबून पाहावे हे बरे. आम्ही तसे पाहू लागलो तेव्हा आम्हांस असे दिसले की, ह्या चित्रात सर्वजण बोलतात, रडतात, नवस करतात, एकमेकांस धीर देतात; गप्प असते ते एकटे मूल. ज्याच्या देहावर हे सारे चालले आहे त्याला त्याविषयी काय वाटते, हे विचारावयास कोणी त्याच्याजवळ जात नाही. घरातली माणसे जात नाहीत आणि लेखकही जात नाही.

आपल्या साहित्यशास्त्रात रसाची सामग्री सांगताना आलंबन आणि आश्रय असे दोन शब्द योजितात. ज्याच्यामुळे भाव उत्पन्न होतो ते आलंबन. ज्याच्या अंतःकरणात तो उत्पन्न होतो तो आश्रय. मूल दगावले म्हणून आई शोक करते, तेथे मूल हे आलंबन आणि आई हा आश्रय होय. ह्या दोन शब्दांच्या साहाय्याने आमचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. मराठी वाङ्मयात आजारी मूल हे जवळजवळ नेहमी आलंबन म्हणून आले आहे. आश्रय म्हणून ते फार क्वचित आले आहे. त्याच्यासाठी होणारा शोक आपण पुष्कळ लिहिला. त्याला स्वतःला होणारी भीती, त्याचा राग, त्याचे कुतूहल, त्याची चतुराई, त्याने मनाशी बांधलेले तर्क हे आपण लिहिले नाहीत. हा दोष केवळ वाङ्मयाचा असता तर त्याची चर्चा रसिकांपुरती ठेवून भागले असते. परंतु घरात वागावे कसे हे माणसे पुष्कळ अंशी वाचलेल्या आणि पाहिलेल्या गोष्टींवरून शिकत असतात. म्हणून ह्या दोषाची किंमत खऱ्या मुलांना द्यावी लागते, असे आमचे मत आहे.

हे असे का झाले ह्याचे कारण शोधण्यास फार दूर जावयास नको. शंभर वर्षांपूर्वीच्या घरात मूल जगेल हे कोणी गृहीत धरीत नसे. पटकी, प्लेग, देवी, गोवर, विषमज्वर ह्यांपैकी एखादा पाहुणा आला नाही असे घर विरळा. पुष्कळ मुले बोलू लागण्यापूर्वीच जात. त्यांना स्वतःचे असे म्हणणे असावयाचे कोठून? आनंदीबाई जोशी ह्यांचा मुलगा अवघा दहा दिवसांचा होऊन गेला. त्यानंतर त्यांच्या मनाने वैद्यकाची वाट धरली आणि १८८६ साली त्या अमेरिकेतून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रां'त अपत्यवियोग आणि आजारपणे सांगितली आहेत, तीही अश्रूंचे प्रदर्शन न मांडता आणि मधूनमधून हसत. त्या काळच्या आईचे मन आतून पाहावयाचे तर आजही त्या पुस्तकाकडेच वळावे लागते. ह्या दोघी मोठ्या स्त्रिया. परंतु दोघींच्याही चरित्रात बोलते आहे ते आईचे मन, आणि तसेच ते असावयाचे.

काव्यात पाहू गेल्यास गडकऱ्यांच्या 'राजहंस माझा निजला' ह्या कवितेशिवाय ह्या विषयाची चर्चा पुरी व्हावयाची नाही. राम गणेश गडकरी आपल्या नागपूरजवळच्या सावनेरास २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. वयाची चौतिशीही त्यांना पुरी करता आली नाही. ह्या कवितेतील आईचे मूल गेले आहे, परंतु ती ते मानीत नाही. ते निजले आहे असे समजून ती त्याला न्यावयास आलेल्यांना अडविते. पुत्रशोकाने मन भ्रमिष्ट झाल्याचे इतके प्रत्ययकारी चित्र मराठीत दुसरे नाही, हे आम्ही निःसंकोचपणे सांगतो. येथे मूल केवळ आलंबन आहे, आणि त्याबद्दल कवीला दोष देणे वेडेपणाचे होईल. कवितेचा विषयच आईचे मन हा आहे. दोष आहे तो गडकऱ्यांच्या मागून आलेल्यांचा. त्यांनी ती कविता पाठ केली आणि तिचा साचा करून ठेवला. मूल आजारी पडो, अपंग होवो किंवा दगावो, कथेतील आईने तेच अश्रू ढाळावयाचे आणि मुलाने निजून राहावयाचे, असा जणू दंडकच पडला. गडकऱ्यांच्या कवितेतील मूल बोलत नाही, कारण ते ह्या जगात उरलेले नाही. मागाहून आलेल्या कथांतील मुले जिवंत असूनही बोलत नाहीत.

मुलाला आश्रय करणारी कृती कशी असते ह्याचे उदाहरण शेजारच्या बंगाली वाङ्मयात आहे. रवींद्रनाथ ठाकुरांचे 'डाकघर' हे नाटक १९१२ साली प्रसिद्ध झाले. अमल नावाचा मुलगा आजारी आहे. शरद ऋतूतील ऊन आणि वारा त्याला विषासमान आहेत असे सांगून कविराजाने त्याला घरात कोंडून ठेवावयास लाविले आहे. त्याला दत्तक घेणारा माधव प्रेमळ आहे आणि त्या प्रेमापायीच तो खिडकीसुद्धा लावून घ्यावयास निघतो. अमल मात्र त्या खिडकीशी बसून दहीवाल्याला हाक मारतो, पहारेकऱ्याशी बोलतो, फुले वेचणाऱ्या सुधेची वाट पाहतो. समोर राजाचे डाकघर उघडले आहे असे कळताच आपल्यालाही एक दिवस राजाचे पत्र येईल, अशी आशा तो बाळगू लागतो. नाटकाच्या अखेरीस राजवैद्य येतो आणि दारेखिडक्या सताड उघडावयास सांगतो. ह्या नाटकात शोक करणारे माणूस आहे, परंतु नाटक त्याच्या शोकाचे नाही. ते अमलच्या उत्कंठेचे आहे. आपल्याला काय झाले आहे हे त्याला कोणी सांगत नाही, तरी रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाशी तो जे बोलतो त्यावरून त्याला पुष्कळ कळले आहे हे प्रेक्षकास समजत जाते. रवींद्रनाथांची कन्या रेणुका १९०३ साली आणि धाकटा मुलगा शमींद्र १९०७ साली गेला होता. पित्याला आपलाच शोक सांगता आला असता. त्याने मुलाची खिडकी सांगितली. १८ जुलै १९४२ रोजी वॉर्सा येथील बंदिस्त वस्तीत यानुश कोरचाक ह्या डॉक्टराने आपल्या अनाथाश्रमातील मुलांकडून हेच नाटक करविले. पुढच्याच महिन्यात तो आणि ती मुले मृत्युछावणीकडे नेली गेली. मुलांपुढे मृत्यूचा विषय काढावयाचा तर कोणत्या भाषेत काढावा, हे एका डॉक्टराने एका कवीकडून घेतले, असे ह्या प्रसंगाचे तात्पर्य आम्ही समजतो.

कोणी म्हणेल, हे काव्य झाले. खऱ्या मुलाला आपल्या आजाराचे इतके भान असते काय? ह्या प्रश्नाचे उत्तर शास्त्रीय निरीक्षणाने मिळाले आहे. मायरा ब्लूबाँड-लँगनर ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या लहान मुलांमध्ये बसून, खेळून, ऐकून जे टिपले ते १९७८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्या काळी हा रोग बहुधा प्राणघातकच ठरे आणि मुलांना काही सांगावयाचे नाही अशी रीत होती. तरीही त्या मुलांना सारे ठाऊक होते. औषधांची नावे, त्यांचे परिणाम, कोणत्या चाचणीनंतर आईचा चेहरा पडतो, शेजारच्या खाटेवरचा मुलगा कोठे गेला, हे सारे ती एकमेकांकडून शिकत होती. आपणही जाणार हेही त्यांतील पुष्कळांना कळले होते. मग ती बोलत का नव्हती? मोठ्यांना ते सोसणार नाही हेही त्यांना कळले होते म्हणून! मोठी माणसे मुलासमोर काही नसल्याचे सोंग घेत आणि मुले मोठ्यांसमोर काही न कळल्याचे सोंग घेत. आपण ज्याला मुलाचे अज्ञान समजतो ती पुष्कळदा त्याने आपल्यावर केलेली दया असते. आपल्या कथांतील निजलेले, निष्पाप, काही न समजणारे मूल हे ह्या सोंगाचेच वाङ्मयीन रूप आहे. लेखक त्या सोंगाला फसला, इतकेच.

सुदैवाने मराठीत एक कृती अशी झाली की तिने हे सोंग मध्येच थांबविले. ती पुस्तकात झाली नाही, पडद्यावर झाली. संदीप सावंत ह्यांनी दिग्दर्शित केलेला 'श्वास' हा चित्रपट २००४ साली प्रदर्शित झाला. माधवी घारपुरे ह्यांच्या कथेवर तो आधारलेला आहे. १९५३ सालच्या अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचे सुवर्णकमळ मिळाले होते; त्यानंतर अर्ध्या शतकाने तो मान मराठीत पुन्हा आला तो 'श्वास'मुळे. दोन्ही चित्रपटांच्या मध्यभागी मूल आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पहिल्यात मूल आईचे आजारपण पाहते, दुसऱ्यात ते स्वतः आजारी आहे.

कथा बहुतेकांस ठाऊक असेल. कोकणातील खेड्यातले एक आजोबा आपल्या नातवाला, परशुरामला, डोळे दाखवावयास पुण्यास घेऊन येतात. डोळ्यांच्या पडद्याचा कर्करोग झाला आहे असे निदान होते. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, परंतु दृष्टी जाईल. न केली तर दोन्ही जातील. येथवर ही कथा आपल्या ओळखीची आहे आणि साधारण लेखकाने तिचे काय केले असते हेही आपणांस ठाऊक आहे. परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो अखेरपर्यंत खाली बसत नाही: हे मुलाला सांगावयाचे की नाही, आणि सांगावयाचे तर कोणी? शस्त्रक्रियेपूर्वी मुलाला सारे कळले पाहिजे असा डॉक्टरांचा आग्रह आहे. आजोबांची जीभ रेटत नाही. रुग्णालयातील समाजसेविका मध्ये पडते. सत्य पुढे आल्यावर तो मुलगा शहाण्या मुलासारखा मान डोलावीत नाही. तो बिथरतो, घाबरतो, हात झाडतो. आमच्या मते मराठी कलेतील आजारी मूल ह्या क्षणी आलंबनाच्या जागेवरून उठून आश्रयाच्या जागी येऊन बसले. त्याला राग येऊ दिला, हेच ह्या चित्रपटाचे मोठे धैर्य.

पुढे शस्त्रक्रिया लांबणीवर पडते आणि आजोबा व नातू इस्पितळातून नाहीसे होतात. इस्पितळात हलकल्लोळ माजतो, वर्तमानपत्रवाले जमतात. आजोबा नातवाला घेऊन परत येतात तेव्हा कळते की, डोळे जाण्यापूर्वी त्याने जग पाहून घ्यावे म्हणून ते त्याला शहर दाखवावयास घेऊन गेले होते. डॉक्टर संतापतात आणि त्यांचा संताप अस्थानी नाही. आजोबांचे करणेही अस्थानी नाही. वैद्यकाचे कर्तव्य आणि आप्ताचे कर्तव्य एकमेकांसमोर उभी करून दोघांनाही खरे ठरविणे हे नाटककाराचे काम आहे, आणि ते येथे उत्तम साधले आहे. अरुण नलावडे ह्यांचे आजोबा आणि अश्विन चितळे ह्या बालनटाचा परशा ह्यांच्याविषयी अधिक लिहावयास नको. त्या मुलास राष्ट्रीय पारितोषिक मिळाले ते योग्यच झाले.

तथापि गुणांबरोबर उणेही सांगितले पाहिजे. चित्रपटाच्या पूर्वार्धात कॅमेरा मुलापेक्षा आजोबांच्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहतो. जुना साचा सहजासहजी सुटत नाही ह्याचे ते गमक आहे. वर्तमानपत्रवाल्यांचा भाग थोडा भडक उतरला आहे. आणि जो दिवस आजोबांनी मुलाला दिला तो मुलाने मागितला होता काय, की आजोबांना द्यावासा वाटला, हे चित्रपट पुरते उलगडीत नाही. आपल्याला काय पाहावयाचे आहे हे परशानेच सांगितले असते तर आम्हांस ते अधिक आवडले असते. परंतु गावाकडे परतणाऱ्या त्या नावेतील मुलगा दयेचा विषय म्हणून परतत नाही. तो परशा म्हणूनच परततो, एवढ्यासाठी आम्ही हे सारे उणे विसरावयास तयार आहो. येथे जाता जाता हेही सांगणे कर्तव्य आहे की, मुलाच्या बुबुळात पांढरी चमक दिसताच त्याला डॉक्टरांकडे नेले आणि निदान वेळेवर झाले, तर आज ह्या रोगात जीव बहुधा वाचतो, आणि पुष्कळदा डोळाही वाचविता येतो.

आता एक आक्षेप. लहान जिवाला मृत्यूची किंवा आंधळेपणाची वार्ता सांगणे हे क्रौर्य नव्हे काय? ज्यांनी स्वतःच्या मुलाची खाट पाहिली आहे अशा आईबापांकडून हा आक्षेप आला तर त्याला शास्त्राचे दाखले फेकून उत्तर देणे हेच क्रौर्य होईल. आमचे म्हणणे इतकेच की, ह्यात दोन गोष्टींची गल्लत होते. सांगणे ही एक गोष्ट आणि बोलू देणे ही दुसरी. अमलला कोणी काही सांगत नाही. परंतु ठाकुरदा त्याच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर देतो, त्याच्या कल्पनेबरोबर चालतो आणि त्याच्या पत्राची थट्टा करणाऱ्या गावमुखंडाला दूर सारतो. मुलाला सारे एका दमात सांगावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. त्याने जितके विचारले तितके खरे सांगावे, न विचारलेले लादू नये, आणि विचारले असता "तुला काय करायचंय" म्हणून त्याचे तोंड बंद करू नये, एवढे कोणत्याही घराला करता येण्याजोगे आहे. आपल्या घरांत पहिलीच पायरी गाळलेली असते. मूल विचारू लागले की आई पदर डोळ्यांना लावून स्वयंपाकघरात जाते. पुन्हा विचारावयाचे नाही, हे मूल त्यावरून शिकते.

आणि केवळ आजारी मुलाचीच ही स्थिती नसते. त्याचे निरोगी भावंड हे ह्या विषयातील अत्यंत उपेक्षित पात्र आहे. त्याला मामाकडे पाठवितात. त्याच्या परीक्षेकडे कोणाचे लक्ष नसते. त्याच्या वाढदिवसाला घरात कोणी नसते. भावाचा त्याला हेवा वाटतो आणि त्या हेव्याची लाजही वाटते. कधी रागाने "मर" म्हटलेले असते, आणि तेच आता खरे होणार की काय ह्या भीतीने ते रात्र रात्र जागे असते. कथाकाराला ह्याहून अधिक चांगला निवेदक कोठे मिळणार? तरीही आपल्या कथेत हे भावंड बहुधा दाराआड उभे राहण्यापुरतेच येते.

ही चर्चा सीताबर्डीवर बसून करण्यात एक औचित्य आहे. विदर्भ साहित्य संघाचे घर ह्याच बर्डीवर आहे. पुस्तके, व्याख्याने, नाटके ह्यांसाठी नागपूरकरांची पावले येथे वळत आली आहेत. आणि ह्याच बर्डीच्या मोरभवन स्थानकावर बाहेरगावच्या गाड्या थांबतात. आजारी मुलाला कडेवर घेतलेली, हातात तपासण्यांच्या कागदांची पिशवी धरलेली आईबापे उतरतात आणि शेजारच्या धंतोलीतील दवाखान्यांकडे किंवा मेडिकलकडे चालू लागतात. त्यांतील काही आधी टेकडीच्या गणपतीला हात जोडून येतात. वाङ्मयाचे घर आणि ही वाट ह्यांच्यामध्ये काही पावलांचे अंतर आहे. ते अंतर आपल्या कथेने चालून पार केले आहे काय, असा आमचा प्रश्न आहे.

ह्या वाटेने जाणाऱ्या पुष्कळ मुलांचा रोग एकच असतो. त्याला सिकलसेल म्हणतात. मध्य भारतातील लोकांत हा रक्तदोष आढळतो, अशी नोंद शुक्ला व सोलंकी ह्यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात केली. ह्या रोगात रक्तातील तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हातपाय, पाठ, छाती ह्यांत असह्य कळा उठतात. आईकडून एक आणि बापाकडून एक असे दोन्ही दोष आले तरच मूल रोगी होते. एकच आला तर ते केवळ वाहक राहते आणि बहुधा निरोगी आयुष्य जगते. दोघेही आईबाप वाहक असतील तर प्रत्येक गर्भाच्या वेळी रोगी मूल होण्याचा संभव चारात एक एवढा असतो. जन्मानंतरचे काही महिने गर्भावस्थेतील रक्तद्रव्य मुलाचे रक्षण करते, म्हणून घरच्यांना प्रथम काहीच कळत नाही. मग एके दिवशी बोटे सुजतात आणि मूल रडावयाचे थांबत नाही. १ जुलै २०२३ रोजी ह्या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली असून २०४७ हे तिचे लक्ष्य ठरविले आहे. हायड्रॉक्सियुरियासारख्या औषधाने कळांचे हल्ले कमी करता येतात आणि विवाहापूर्वी रक्त तपासून घेता येते. वैद्यकाने आपले काम केले आहे. वाङ्मयाच्या वाट्याचे काम त्या मानाने फार थोडे झाले आहे.

कारण ह्या रोगाची खरी कथा रक्तात नाही, माणसांत आहे. कळ बाहेरून दिसत नाही. तिसऱ्या दिवशी हसत शाळेत गेलेल्या मुलाला मास्तर विचारतात, काल काय झाले होते? आणि ते सांगते त्यावर विश्वास बसत नाही. कळ खरी आहे हे पटविण्यासाठी ज्या मुलाला दरवेळी साक्षीपुरावा द्यावा लागतो, त्याच्या मनात भाषेविषयी केवढा अविश्वास निर्माण होत असेल! विदर्भातल्या वस्त्यांत 'एएस' आणि 'एसएस' ही अक्षरे निरक्षर आजीलाही ठाऊक झाली आहेत. कारण त्यांवर सोयरिकी जुळतात आणि मोडतात. दोष दोघांकडून आला असूनही बोल बहुधा सुनेला लागतो. बहिणीचे लग्न ठरेपर्यंत भावाचे दुखणे झाकून ठेवावयाचे, अशा अटीवर कित्येक घरे जगतात. आपले दुखणे हे घराचे गुपित आहे हे ज्या मुलाला आठव्या वर्षी कळते, त्याच्या मनाची कथा विदर्भातील लेखकाने लिहावयाची नाही तर कोणी लिहावयाची?

दुखण्यातून उठलेली माणसे पुढे बोलतात तेव्हा काय होते हे आपण पाहिले आहे. नसीमा हुरजूक ह्यांना ऐन सोळासतरा वर्षांच्या वयात कमरेखालचे बळ गमवावे लागले. 'चाकाची खुर्ची' ह्या आत्मचरित्रात त्यांनी ती निराशा आणि त्यातून काढलेली वाट कोणाची कीव न मागता लिहिली आहे. आपले सुरेश भट वयाच्या तिसऱ्या वर्षाच्या आतच पोलिओने पायाने अधू झाले. त्यांच्या अधू पायातून त्यांची गझल निघाली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, आणि तसे म्हणणाऱ्याला त्यांनीच प्रथम फटकारले असते. परंतु 'रंग माझा वेगळा' आणि 'एल्गार' अशी नावे आपल्या संग्रहांना देणारा कवी कोणाच्याही दयेचे आलंबन होऊन राहावयास तयार नव्हता, एवढे त्या नावांवरूनच कळते. ज्या रोगाने त्यांना गाठले त्याचा भारतातील अखेरचा रोगी २०११ साली आढळला आणि २०१४ साली देश पोलिओमुक्त ठरला. रोग जातात, त्यांनी दिलेला अनुभव कोणी लिहून ठेवला नाही तर तोही त्यांच्याबरोबर जातो.

तेव्हा मराठी कथाकारांस आमची विनंती अशी आहे. आईचे अश्रू पुष्कळ झाले. ते खरे होते आणि खरे राहतील. आता खाटेच्या उशाकडून पायथ्याकडे न पाहता खाटेवरून खोलीकडे पाहावे. तेथून काय काय दिसते? सलाईनच्या बाटलीतले थेंब मोजण्याचा खेळ दिसतो. बाबांनी घड्याळ विकले हे त्यांच्या मोकळ्या मनगटावरून कळते. शेजारची खाट सकाळी रिकामी दिसते आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही हेही ऐकू येते. ह्यात करुणरस कमी पडावयाचा नाही. उलट तो अधिक खरा होईल, कारण भीती, राग, विनोद आणि आशा हे सारे त्यात एकत्र नांदतील. आणि आमच्या वाचक कुटुंबांस विनंती अशी की, घरातले मूल दुखण्याने पडले असता ते झोपले आहे असे समजून त्याच्या उशाशी कुजबुजू नये. बहुधा ते जागे असते. त्याच्याकडे वळून त्याला काय वाटते हे विचारावे, आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत ऐकून घ्यावे.